शांततेची पत्रे आणि सामर्थ्याची सिद्धता

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. घरटी एक तरी माणूस सैन्यात, ही त्या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या इथल्या जवानांचा स्मृतिस्तंभ आजही गावात उभा आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली, तीही साताऱ्यातच. १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या सांगली जिल्ह्याचाही हाच पिंड. कृष्णा-कोयनेच्या या खोऱ्यात युद्ध आणि शांतता हे दिवाणखान्यातील चर्चेचे विषय कधीच नव्हते. युद्धाची किंमत ज्यांनी घरातील माणूस देऊन मोजली, त्यांना शांततेविषयी बोलण्याचा पहिला अधिकार आहे.

हा अधिकार वापरण्याची वेळ पुन्हा येऊ घातली आहे. २०२३ साली रशियाने सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराला दिलेली मान्यता मागे घेतली. २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी चाचण्या पुन्हा सुरू करण्याची भाषा केली. चीनने या करारावर १९९६ मध्ये स्वाक्षरी केली, पण त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. जगाने मागे टाकला असे वाटणारा प्रश्न नव्याने दारात उभा राहत असताना, साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने टपालाच्या बळावर चालविलेल्या चळवळीचे स्मरण करणे उपयुक्त ठरेल. त्या चळवळीतून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, या दोन्ही गोष्टी भारताच्या अनुभवाने शिकविल्या आहेत.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला. हिरोशिमावरील बॉम्बच्या जवळजवळ हजारपट असलेल्या या स्फोटाची किरणोत्सर्गी राख दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर पडली. नौकेवरील २३ जण आजारी पडले आणि त्यांपैकी एकाचा सप्टेंबरात मृत्यू झाला. स्फोट एकीकडे आणि मरण दुसरीकडे, हे जगाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे पाहिले. या स्फोटांतून निर्माण होणारे स्ट्रॉन्शियम-९० हे द्रव्य गुणधर्माने कॅल्शियमसारखे वागते. ते पावसाबरोबर गवतावर उतरते, गवतातून गाईच्या दुधात जाते आणि दुधातून लेकरांच्या हाडांत जाऊन बसते. अमेरिकेतील सेंट लुईस शहरातील मातांनी आपल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात टपालाने शास्त्रज्ञांकडे पाठविले. त्यांच्या तपासणीत हे द्रव्य वर्षागणिक वाढत असल्याचे दिसून आले.

रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविलेले लायनस पॉलिंग हे या चळवळीचे अग्रणी. १९५७ च्या मे महिन्यात त्याच सेंट लुईसमधील विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानानंतर त्यांनी दोन सहकाऱ्यांसह एक छोटेसे आवाहन लिहिले. अणुचाचण्या थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा, एवढीच मागणी त्यात होती. मोठी संघटना नाही, कचेरी नाही. पॉलिंग आणि त्यांच्या पत्नी एव्हा हेलन यांनी घरी बसून पत्रे धाडली, आलेली उत्तरे लावली, नावांच्या याद्या केल्या. १५ जानेवारी १९५८ रोजी ९,२३५ शास्त्रज्ञांच्या स्वाक्षऱ्यांचे निवेदन संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांकडे पोहोचले.

सत्तेला हे रुचले नाही. पॉलिंग यांना १९५२ सालीच पारपत्र नाकारून झाले होते. १९६० मध्ये सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने त्यांना पाचारण केले. एवढ्या स्वाक्षऱ्या एका कुटुंबाने जमविणे शक्य नाही, यामागे कम्युनिस्टांचा हात असला पाहिजे, असा समितीचा संशय होता. स्वाक्षऱ्या गोळा करण्यास मदत करणाऱ्यांची नावे आणि पत्रे सादर करा, असा आग्रह धरण्यात आला. पॉलिंग यांनी स्वाक्षरी करणाऱ्यांची यादी कधीच लपविली नव्हती. ती राष्ट्रसंघाकडे होतीच. परंतु आपल्या शब्दावर विश्वासून धडपडलेल्या तरुण शास्त्रज्ञांची नावे चौकशीच्या तोंडी देण्यास त्यांनी ठाम नकार दिला. तुरुंगाची शक्यता समोर असूनही ते हटले नाहीत. अखेर समितीनेच माघार घेतली.

पॉलिंग यांची दुसरी कसोटी याहून अवघड होती. १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाने चाचण्या पुन्हा सुरू केल्या आणि ५० मेगाटनांच्या महास्फोटाची घोषणा केली. तेव्हा याच पॉलिंग यांनी ख्रुश्चेव्ह यांना पत्र पाठवून तो स्फोट रद्द करण्याची मागणी केली. पुढच्या वसंतात अध्यक्ष केनेडी यांनी अमेरिकी चाचण्यांचा निर्णय घेतला, तेव्हा त्यांनाही तितकेच कठोर शब्द ऐकविले. एप्रिल १९६२ मध्ये व्हाइट हाऊसच्या फाटकाबाहेर फलक घेऊन उभे राहिलेले पॉलिंग लगेच केनेडींच्या निमंत्रणावरून आत भोजनालाही गेले. निषेध आणि सभ्यता या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे अंशतः चाचणीबंदीचा करार झाला. वातावरण, अंतराळ आणि समुद्र येथील स्फोट त्याने निषिद्ध ठरविले. हा करार १० ऑक्टोबर रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी पॉलिंग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक घोषित झाले.

भारत या घडामोडींत प्रेक्षक नव्हता. बिकिनीच्या स्फोटानंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडला होता. संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या मार्गदर्शनाखाली अणुस्फोटांच्या परिणामांवरील ग्रंथ १९५६ साली भारत सरकारने प्रसिद्ध केला. मॉस्को करारावर भारताने ८ ऑगस्ट १९६३ रोजी, म्हणजे अवघ्या तीन दिवसांत, स्वाक्षरी केली.

महाराष्ट्रात या विषयावर सर्वांत आग्रहाने बोलणारा शास्त्रज्ञ म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले हे गणिती टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांचे सहकारी होते. इतिहासाकडे पाहण्याची त्यांची मार्क्सवादी दृष्टी या देशातील असंख्यांना मान्य झाली नाही, आजही होणार नाही. ते ज्या जागतिक शांतता परिषदेच्या व्यासपीठावर वावरले, त्या व्यासपीठाला अमेरिकी बॉम्ब ठळक दिसत असे आणि सोव्हिएत बॉम्बविषयी त्याचा स्वर मवाळ असे. पॉलिंग यांनी ख्रुश्चेव्ह यांना लिहिलेल्या पत्राचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते. शांततेच्या चळवळीने एका महासत्तेची पालखी खांद्यावर घेतली की ती चळवळ राहत नाही, प्रचार होतो.

तथापि कोसंबींच्या बाबतीत तेवढ्यावर थांबणे हा अन्याय ठरेल. भारतासारख्या उन्हाच्या देशाने खर्चिक अणुभट्ट्यांपेक्षा सूर्यशक्तीच्या संशोधनावर भर द्यावा, हे मत त्यांनी खुद्द अणुकार्यक्रमाच्या प्रमुखाच्या संस्थेत नोकरीस असताना जाहीरपणे मांडले. १९६० च्या जुलैत पुण्याच्या रोटरी क्लबपुढील भाषणातही त्यांनी हाच मुद्दा मांडला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा सेवाकरार पुढे चालविला नाही. त्यामागे या मतभेदाचा वाटा किती आणि इतर कारणांचा किती, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. परंतु २०२५ च्या प्रारंभी देशाच्या सौरविजेची स्थापित क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली आणि अणुविजेची नऊ हजारांच्या आतच होती, ही वस्तुस्थिती आहे. सूर्य रात्री मावळतो आणि अणुभट्टी अहोरात्र चालते, हे लक्षात घेऊनही असे म्हणावे लागते की, त्या एका मुद्द्यावर कोसंबींचे ऐकून घ्यायला हवे होते.

शांततेच्या या साऱ्या पत्रव्यवहाराला एका प्रश्नाचे उत्तर मात्र कधीच देता आले नाही. जो शेजारी पत्र वाचतच नाही, त्याचे काय करायचे?

१९६२ च्या नोव्हेंबरात, चिनी आक्रमणाने देश हादरलेला असताना, संरक्षण खात्याची धुरा यशवंतराव चव्हाणांनी स्वीकारली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, असे महाराष्ट्राने त्या वेळी म्हटले. देवराष्ट्रे येथे जन्मलेला, कऱ्हाडात वाढलेला हा नेता संरक्षणमंत्री असतानाच, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला, तोही उघड्या वातावरणात. मॉस्को करारावर चीनने स्वाक्षरी केलीच नव्हती. १९८० पर्यंत त्याचे वातावरणातील स्फोट चालू राहिले. भारताने करार पाळला, शेजाऱ्याने तो जुमानला नाही आणि त्या स्फोटांची धूळ मात्र सर्वांच्याच आभाळात मिसळली.

त्यानंतर आठ दिवसांनी, २४ ऑक्टोबर रोजी, डॉ. भाभांनी आकाशवाणीवरून दहा किलोटनांच्या स्फोटाचा खर्च सुमारे साडेसतरा लाख रुपये येईल असे सांगितले. भारतीय जनसंघाने अण्वस्त्रनिर्मितीची मागणी लावून धरली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बॉम्बला जाहीर नकार दिला, परंतु भूमिगत स्फोटाच्या पूर्वतयारीला अनुमती दिली. १९६६ च्या पहिल्या सहामाहीत शास्त्रीजी, भाभा आणि कोसंबी हे तिघेही काळाच्या पडद्याआड गेले. वाद मात्र मागे उरला. त्याचे उत्तर १८ मे १९७४ रोजी आणि पुढे ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरणच्या वाळूखालून आले. दोन्ही वेळच्या तयारीत डॉ. अनिल काकोडकर यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञाचा सहभाग होता.

येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घेतली पाहिजे. भारताने केलेला प्रत्येक स्फोट जमिनीखाली होता. १९६३ च्या करारातील शब्द भारताने एकदाही मोडला नाही. १९९८ नंतर पुढील चाचणी न करण्याचा निर्णयही कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर स्वेच्छेने जाहीर केला आणि आजवर पाळला. अण्वस्त्र प्रथम न वापरण्याचे धोरण अंगीकारले. १९९६ मध्ये सर्वंकष चाचणीबंदी कराराला नकार दिला, तो शांततेला नकार नव्हता. ज्यांनी आधीच शेकड्यांनी स्फोट करून घेतले, त्यांची मक्तेदारी कायम करणाऱ्या भेदभावाला तो नकार होता. पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रांच्या बळावर जी मर्यादा जगाकडून मान्य करवून घेतली, त्या मर्यादेत राहूनच भारत समर्थ झाला. संयमाला किंमत येते ती हाती सामर्थ्य असल्यावर, आणि सामर्थ्याला प्रतिष्ठा येते ती संयम पाळल्यावर.

मग आज या पत्रांपासून घ्यायचे काय? पहिली गोष्ट, सत्य लपवू नये. अमेरिकेने नेवाडाच्या वाऱ्याच्या दिशेत राहणाऱ्या आपल्या नागरिकांना भरपाई देण्याचा कायदा १९९० मध्ये, म्हणजे किती उशिरा केला! पोखरणजवळच्या खेतोलई ग्रामस्थांनीही आरोग्याविषयीच्या शंका वेळोवेळी बोलून दाखविल्या आहेत. राष्ट्राच्या सामर्थ्यासाठी ज्यांच्या अंगणाखालची जमीन हादरली, त्यांची नियमित तपासणी करून निष्कर्ष जाहीर करणे यात कमीपणा नाही. भीती निराधार असेल तर ती दूर होईल आणि साधार असेल तर उपचार होतील.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. १९९८ च्या उत्साहात चाचण्यांना विरोध करणाऱ्या काही शास्त्रज्ञांना सरसकट देशद्रोही ठरविण्याची घाई अनेकांकडून झाली. त्यांचे मत चुकीचे होते असे मानणे आणि त्यांची निष्ठा खोटी होती असे मानणे, यांत फार मोठे अंतर आहे. अमेरिकेच्या सिनेट समितीने हेच अंतर पुसले आणि शेवटी हसे तिचेच झाले. वादे वादे जायते तत्त्वबोधः ही या भूमीची परंपरा आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षाही नेटके मांडून मग त्याचे खंडन करायचे, हा आपल्या शास्त्रार्थाचा दंडक. दुबळ्या राष्ट्राला विरोधी स्वराची भीती वाटते. अण्वस्त्रसज्ज भारताने ती बाळगण्याचे कारण नाही.

सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत ‘५६ ए.पी.ओ.’चा शिक्का असलेली पत्रे जपून ठेवलेली असतात. बासष्टची, पासष्टची, एकाहत्तरची. त्यांत युद्धाची खुमखुमी क्वचितच सापडते. पाऊसपाणी, गुरेढोरे, पोरांची शाळा, आईची तब्येत हेच विषय असतात. सीमेवर उभा असलेला माणूस शांततेसाठीच उभा असतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता? चाचणीबंदीचा वाद येत्या काळात पुन्हा पेटेल, तेव्हा एका बाजूला भाबडी शांतता आणि दुसऱ्या बाजूला उथळ आवेश, असा देखावा उभा करण्यात येईल. या खोऱ्यातील कुटुंबांनी दोहोंना नकार द्यावा. ट्रंकेतील ती पत्रे बाहेर काढून घरातल्या नव्या पिढीकडून मोठ्याने वाचवून घ्यावीत. सामर्थ्य कशासाठी हवे, हे समजायला त्यांच्या इतका चांगला पाठ दुसरा नाही.