आमचूरचा हंगाम आणि मोडलेला कणा

केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेली रस्ते अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस उपचार योजना आता आपणा सर्वांच्या टेबलावर आली आहे. अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत खर्च. चांदशैली घाटात पिकअप उलटून डोक्याला मार लागलेल्याला तिचा आधार मिळेल, स्वागतच आहे. पण धडगाव आणि अक्कलकुव्याकडच्या वाचकांनी पत्रांतून विचारले आहे, की आमचूरसाठी कैऱ्या उतरवताना झाडावरून पडलेल्याचे काय? ताडीला चढलेल्याचे काय?

योजनेत त्याला जागा नाही. मोटार वाहन हवे, रस्ता हवा, आणि पोलिसांचा दुजोराही हवा. मानेचा पाचवा मणका मोटारसायकलवरून पडून मोडला काय किंवा आंब्यावरून पडून मोडला काय, मज्जारज्जूवरचा दाब तोच असतो. मोटार वाहन कायद्याने 'गोल्डन अवर'ची व्याख्या करताना इजेनंतरचा एक तास एवढेच म्हटले आहे. ती इजा कशाने झाली हे तिथे विचारलेले नाही. योजना लिहिणाऱ्यांनी मात्र ते विचारले. ज्या जिल्ह्यात उन्हाळा आला की माणसे झाडावरून पडतात, तिथल्या डॉक्टरांना मसुद्याच्या वेळी कोणी विचारायला हवे होते.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे की, असे अधिकारी सांगतील. आहे, आणि तातडीच्या मंजुरीची सोयही तिच्यात आहे. पण कागदपत्रे मागाहून द्यावीच लागतात आणि झोळीतून आणलेल्या माणसाचे रेशनकार्ड पाड्यावर राहिलेले असते. नातेवाईक ते आणायला डोंगर चढतो, तोवर रुग्णाजवळ सही करायला कोणी उरत नाही.

आता आपल्याविषयी. संशोधनाने आपल्या हातात जे दिले आहे, ते आपण तरी वापरतो का? २०१९च्या क्रॅश-३ चाचणीत १२,७३७ रुग्ण होते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तीन तासांच्या आत दिले, तर सौम्य आणि मध्यम डोक्याच्या इजेत मृत्यू कमी होतात, आणि दर वीस मिनिटांच्या उशिराने हा फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, हे तिने दाखवले. मेंदूत रक्तस्राव असल्याची शंका आली, की दहा मिनिटांत एक ग्रॅम आणि पुढच्या आठ तासांत एक ग्रॅम. हे औषध महाग नाही, त्याला न्यूरोसर्जन लागत नाही. उलट २००४च्या क्रॅश चाचणीत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. तरीही रेफर होऊन आलेल्या डोक्याच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर डेक्सामेथासोन दिसते. वीस वर्षे उलटून गेल्यावर याला सवय म्हणून माफी नाही.

मानेच्या मज्जारज्जूचेही तसेच. २०१२च्या स्टॅसिस अभ्यासात २४ तासांच्या आत दाब मोकळा केलेल्यांपैकी १९.८ टक्के रुग्ण दोन किंवा अधिक श्रेणींनी सुधारले. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ८.८ टक्के होते. हे चोवीस तास मोजायचे कुठून? आपल्याकडून धुळ्याला, नाशिकला, सुरतेला जाणाऱ्या चिठ्ठ्या पाहा: 'फॉल फ्रॉम ट्री, हेड इंज्युरी, रेफर्ड टू हायर सेंटर', खाली सही. कधी पडला, ते नाही. जीसीएस नाही. पायाची बोटे हलत होती की नाही, ते नाही. वरच्या डॉक्टरला मग कळत नाही, की पाय पडताना गेले की वाटेत.

वाटेत जातात, म्हणूनच हे लिहितो आहे. बांबूला बांधलेल्या झोळीत माणूस मधोमध वाकतो, हनुवटी छातीला टेकते, आणि चढ-उतारावर ती मान प्रत्येक पावलाला हलते. आशाताईंना कॉलर मिळेल तेव्हा मिळेल. तोवर कुडाचा सपाट ताटवा किंवा घराचे दार काढून त्यावर रुग्णाला ओंडक्यासारखा सरळ वळवून ठेवायचा आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या गुंडाळ्या लावायच्या. हे शिकवायला शासन निर्णय लागत नाही.

स्टेम सेलच्या जाहिरातींची कात्रणे पाठवणाऱ्या वाचकांनाही एक सांगणे आहे. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेसाठी हा उपचार मान्य चाचणीबाहेर देता येत नाही. शेत विकायला निघालेल्या कुटुंबाला हे तुम्हीच स्पष्ट सांगा, दुसरे कोणी सांगणार नाही.

नंदुरबारला २०२०पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. झाडावरून पडलेल्यांची स्वतंत्र नोंदवही तिथे ठेवली जावी, ही आमची मागणी आहे. ती भरायची मात्र आपण. उद्यापासून प्रत्येक चिठ्ठीवर पडल्याची वेळ, जीसीएस, हातापायांची ताकद आणि ट्रॅनेक्झॅमिक दिल्याची वेळ लिहा. नाव झाकून त्या चिठ्ठीची एक प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या आमचूर हंगामाआधी हा गठ्ठा घेऊन आपण मुंबईला जाऊ आणि झाडावरून पडलेल्यालाही हाच दीड लाख मागू.