मागच्या आसनाचा कैवार

परभणी जिल्ह्यात मोटारसायकल ही तरुणांच्या हौसेची वस्तू राहिलेली नाही. सोनपेठ, पालम, जिंतूर या तालुक्यांच्या अंतर्भागातील ज्या गावांना एस.टी.चा भरवसा धरता येत नाही, तेथे प्रसूतीसाठी माहेरी निघालेली लेक, डोळे दाखवायला निघालेला वृद्ध, दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घालणारी विधवा, ही सारी माणसे कोणाच्या तरी मागे डबलसीट बसूनच मार्गस्थ होतात. असे असूनही रस्ता, वाहन आणि विमा यांचा विचार आपण केवळ पुढे बसणाऱ्यापुरता करतो, याचे मला मनापासून दुःख वाटते.

गेल्या पौषात आत्याबाईंना मागे बसवून, गंगाखेडला संत जनाबाईंचे दर्शन आटोपल्यावर, हमरस्ता सोडून मी आडमार्गाने सोनपेठकडे निघालो. दुतर्फा हुरड्यात आलेली ज्वारी होती, मधूनमधून उसाचे फड होते, आणि मागे निवांत बसलेल्या आत्याबाई कोणत्या शिवारात पूर्वी कोणाची मोट चालत असे ते मला सांगत होत्या. पुढे बसणाऱ्याच्या नजरेतून निसटणारा मुलूख मागे बसणाऱ्यालाच खऱ्या अर्थाने पाहता येतो. परंतु येथील काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर पातळ थर देऊन केलेली सडक उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांखाली लवकरच खचते. प्रत्येक खड्डा मला आधी दिसे, आणि त्याची आगाऊ वर्दी माझ्या मनगटांना व गुडघ्यांना मिळे. आत्याबाईंना मात्र माझ्या पाठीपलीकडचे काहीच दिसत नव्हते. त्यांचे आसन जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावर, दोन्ही पाय एकाच बाजूला सोडलेले, एका हातात प्रसादाची पिशवी. म्हणून जो धक्का मला हिसका वाटे तो त्यांच्या कण्यातून थेट मस्तकापर्यंत जाई. “दमानं घे रं बाबा,” एवढेच त्या म्हणत.

कायद्याने या माणसाचा विचार केलेला आहे, हे नमूद केले पाहिजे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 129 मागे बसणाऱ्यावरही हेल्मेटची सक्ती करते. आणि 1989 च्या केंद्रीय नियमावलीतील नियम 123 असा की, मोटारसायकलला धरण्यासाठी कायमची मूठ असावी, पाय ठेवण्यास आधार असावा, आणि मागे बसणाऱ्याची वस्त्रे चाकात गुंतू नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकणारी जाळी असावी. हा नियम लिहिणाऱ्यास लुगड्याचा पदर ठाऊक होता. परंतु आमची मुले गाडी देखणी दिसावी म्हणून हीच जाळी काढून टाकतात, आणि त्याच गाडीवर आईला बाजाराला नेतात.

विम्याची कथा याहून दुःखद आहे. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तिलक सिंह यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या तृतीय पक्ष विम्यात मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाची जोखीम अंतर्भूत होत नाही. रस्त्यावरच्या परक्या पादचाऱ्याला ज्या विम्याचे संरक्षण आहे, त्याचे संरक्षण आपल्याच मागे बसलेल्या जन्मदात्रीला नसावे, ही तफावत मला असह्य वाटते, आणि संसदेने ती दूर करावी असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर विमा उतरविताना मागच्या माणसाची जोखीम त्यात आहे काय, याची खातरजमा प्रत्येकाने करावी. हप्ता थोडा वाढेल, तो वाढू द्यावा.

रस्त्यांबाबत अर्ज-विनंत्यांची वाट मोकळी आहे. पाणंदीवर कोणी अडथळा केला असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये तो दूर करण्याचा, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 143 अन्वये शेताच्या बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. परंतु हे कज्जे लांबतात. जाळीचे काम मात्र आजच होण्याजोगे आहे: खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा तिची तपासणी होते, आणि त्या वेळी परिवहन खात्याच्या निरीक्षकाने दिवा व ब्रेक यांच्या बरोबरीने मागची मूठ आणि जाळी पाहावी, नसेल तर नूतनीकरण रोखून धरावे, अशी माझी जिल्हा प्रशासनास आग्रहाची विनंती आहे.