दोघांनी मिळून धरलेला ठेका



आपल्या स्नेहसंमेलनात पूर्वी पेटी, ढोलकी आणि टाळ मुलेच वाजवीत. चुकत, हसत, पण वाजवीत. आता गाणे ध्वनिवर्धकावर लावले जाते आणि मुले त्यावर नाचतात. वाद्यांच्या कपाटाला कुलूप आहे. ती खोली दुसऱ्या कामासाठी द्यावी अशी सूचनाही पुढे आली आहे. ही सूचना मान्य करू नये, असे आम्हांस वाटते.

मारिंबा नावाचे एक वाद्य आहे. आपल्याकडच्या काष्ठतरंगाचे ते थोरले भावंड म्हणता येईल. लाकडी पट्ट्या ओळीने मांडलेल्या असतात, त्यांखाली नाद घुमवणाऱ्या नळ्या असतात आणि वादक काठ्यांनी वाजवतो. पट्टी आखूड केली की स्वर चढतो, मधोमध खालून तासली की उतरतो. ग्वाटेमाला देशाने १९७८ साली मारिंबाला राष्ट्रीय वाद्य ठरवले. जपानच्या केइको आबे यांनी ते मैफिलीच्या मंचावर मानाने नेले.

डेन्मार्कमध्ये उफे सेवरी व मॉर्टन फ्रीस हे दोन तरुण कोपनहेगनच्या संगीत अकादमीत शिकले. आडनावांची आद्याक्षरे जोडून त्यांनी ‘सफ्री डुओ’ ही जोडी उभी केली. आरंभी ते मारिंबा व इतर तालवाद्यांवर अभिजात आणि नवे संगीत वाजवीत. २००० साली त्यांची एक धून युरोपभर गाजली. दोन विद्यार्थी आणि एक ठेका, एवढ्यावर ही सुरुवात झाली.

“एवढे महागडे वाद्य आपल्याला कसे परवडणार?” असे पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. म्हणून अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांचे उदाहरण देतो. १९९४ साली त्यांनी दोन मारिंबांसाठी ‘नागोया मारिंबाज’ रचले. पण त्याआधी, १९७२ मध्ये, त्यांनी दोघांनी केवळ टाळ्या वाजवण्याची एक रचना केली होती. तिला एका पैशाचेही वाद्य लागत नाही.

ती अशी: तीन टाळ्या, एक मात्रा रिकामी; दोन टाळ्या, एक रिकामी; एक टाळी, एक रिकामी; दोन टाळ्या, एक रिकामी. एकूण बारा मात्रा, आपल्या एकतालाइतक्याच. पहिला हाच ठेका शेवटपर्यंत धरून ठेवतो. दुसरा काही आवर्तनांनंतर एक मात्रा पुढे सरकतो, मग आणखी एक. बारा वेळा सरकल्यावर दोघे पुन्हा एकत्र येतात. करून पाहा, वाटते तितके सोपे नाही! शेजारचा निराळे वाजवत असताना आपली जागा सोडायची नाही, आणि त्याचे ऐकायचेही थांबवायचे नाही.

तलमडुगूच्या मुलांना हे नवीन नाही. घरी मराठी, बाजारात तेलुगू, शेजारी गोंडी. आपला ठेका न सोडता दुसऱ्याचा ऐकणे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. दिवाळीत दंडारीची वाद्ये गावोगाव घुमतात. मारलवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. असा ठेका पुस्तकातून शिकता येत नाही, तो हातातूनच हातात जातो.

दहावीचे गुण महत्त्वाचे आहेतच, त्याबद्दल वाद नाही. आमचे मागणे लहान आहे. आठवड्यातून एक तास वाद्यांना द्यावा. दंडारीतल्या एखाद्या जाणत्या वादकाला वर्षातून एकदा शाळेत बोलवावे. आणि येत्या संमेलनात निदान एक कार्यक्रम मुलांच्या स्वतःच्या हातांनी वाजलेला असावा.

दोन मुले पुढे येऊन टाळ्या वाजवतील, तेव्हा पहिल्या रांगेत बसायला आम्ही येऊ. कपाटाची किल्ली तेवढी विश्वस्तांनी शोधून ठेवावी.