बहिणीला ॲक्टिव्हा, भावाला ड्यूक

‘हायवेला ओव्हरटेक करताना पॉवर लागते. सेफ्टीसाठीच घेतोय.’ चारशे सीसीची बाईक बुक करणारा मुलगा घरी हे हमखास ऐकवतो. आम्ही इंजिनियर तर वर टॉर्कचे आकडेही फेकतो. मग आकडेच मांडू.

सपाट रस्ता, एकटा माणूस, ताशी ६०चा वेग. एवढ्याला चाकाशी तीन-चार हॉर्सपॉवर पुरतात. ८०ला सहा-सात. केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीला शहरात कमाल ६० आणि चौपदरी रस्त्यावरही ८०चीच मुभा आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तर दुचाकीला प्रवेशच नाही. मागे कुणी बसलं, घाट लागला, तर हाताशी जास्त ताकद हवी, मान्य. त्याला दीडशे सीसीचे तेरा-चौदा हॉर्सपॉवर पुरून उरतात. ३९० ड्यूक चाळीसहून अधिक देते. आणि ती रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर मांड्या भाजत उभी असते.

आकडे राहू द्या, घरात बघा. त्याच रस्त्याने, त्याच ट्रकांच्या मधून तुमची बहीण ११० सीसीची ॲक्टिव्हा चालवते. जेमतेम आठ हॉर्सपॉवर. ती घेताना ‘हिला ओव्हरटेकला पॉवर लागेल’ असं घरात कुणी म्हणालं होतं का? पॉवर म्हणजेच सेफ्टी असेल, तर आपण आपल्या बहिणींना मरायला रस्त्यावर सोडलंय. तसं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मग हा युक्तिवाद फक्त मुलग्याच्याच गाडीला का लागतो?

कारण तो गाडीबद्दल नाहीच. हिरो होंडा पेट्रोलची बचत विकत होती, तेव्हा २००१मध्ये बजाजने पल्सर आणली ती ‘डेफिनेटली मेल’ म्हणत. थेट पुरुषपण विकायला काढलं, आणि ते धडाक्यात खपलं. पण हा माल कधी पुरत नाही. तेव्हाची दीडशेची पल्सर रुबाबदार होती, आज तीच साधी वाटते. मित्राकडे दोनशे आली की आपली दीडशे लहान होते. इंजिन तेच, बघणारे बदलले.

हौसेला मोल नसतं, आणि हौस हा गुन्हाही नाही. आवाज आवडतो, लोक वळून बघतात ते आवडतं, असं सरळ म्हणा. पण हौसेला सेफ्टीचं नाव दिलं की हिशेब जिवावर बेततो. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना चौपट ऊर्जा जिरवावी लागते. २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. युरोपात मोठ्या बाईकपर्यंत टप्प्याटप्प्याने जावं लागतं. आपल्याकडे गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळालं, की तेच शंभर सीसीला चालतं आणि हजारलाही.

मोठ्या बाईकमध्ये सेफ्टी असलीच, तर ती ब्रेकमध्ये आहे. आणि १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस २०१९पासून सक्तीचं आहे, म्हणजे ते दीडशेलाही मिळतं.

तेव्हा खरंच सेफ्टीची काळजी असेल, तर दीडशे घ्या. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि जॅकेट येईल. त्यातूनही पैसे उरतील. त्यातून बहिणीच्या ॲक्टिव्हाचे गुळगुळीत झालेले टायर बदला.