आधी सूर्यास्त विचारा

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत नाताळच्या सहलींचा विषय निघाला आणि बराच वेळ फक्त तिकिटांचे भाव कानावर पडत राहिले. ल्युटनहून पहाटेचं विमान कुणाला केवढ्याला मिळालं, प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट तीन रात्रींत कोण ‘करणार’, हेच सगळं. तिथे दिवस किती वाजता मावळतो, हे एकानेही विचारलं नाही. त्या संध्याकाळचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हा लेख.

लंडनमधून आपण डिसेंबरात बाहेर पडतो ते अंधाराला कंटाळून. इथे २१ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. मुलं शाळेतून येतात तेव्हा बाहेर दिवे लागायला आलेले असतात. असं असताना सहल ठरवताना उजेडाचा हिशोब कुणीच का करत नाही?

माळव्यातल्या आमच्या धारच्या घरात तो हिशोब होता. थंडीतली आमची ठरलेली सहल म्हणजे मोहनखेडा. आम्ही जैन नव्हे, पण शेजारच्या जैन कुटुंबाबरोबर जायचो. अहमदाबादच्या रस्त्याने पन्नासेक किलोमीटर, राजगढच्या जवळ. पौषातल्या गुरुसप्तमीला तिथे फार गर्दी होते, म्हणून बाबा त्याच्या अलीकडचा किंवा पलीकडचा दिवस धरायचे. तीर्थावर चौविहाराचा नेम, म्हणजे जेवण सूर्यास्ताच्या आत. त्यामुळे बाबांचं गणित सूर्यास्तापासून उलटं मागे यायचं: पंगतीला कधी बसायचं, त्याआधी दर्शन, त्याआधी आवारात उन्हात किती वेळ, आणि त्यावरून धारहून किती वाजता निघायचं. त्याच दिवशी मांडू किंवा बाघची लेणी जोडावीत असं कुणाच्या मनातही यायचं नाही. मांडूचा दिवस वेगळा. आवारातल्या त्या मोकळ्या वेळात बाबा आम्हाला राजेंद्रसूरींची गोष्ट सांगायचे. प्राकृत शब्दांचा सात खंडांचा ‘अभिधान राजेंद्र कोश’ रचणारे हे आचार्य १९०६ साली राजगढला निवर्तले आणि त्यांची समाधी मोहनखेड्याला आहे. सहल एका जागेची होती, म्हणूनच ती गोष्ट पुरी ऐकायला वेळ मिळायचा.

आता हेच गणित इथे लावून पाहा. प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट, तिन्ही ठिकाणी डिसेंबरच्या शेवटी सूर्य चारच्या आसपास बुडतो. दिवस जेमतेम आठ-साडेआठ तासांचा, म्हणजे लंडनहून थोडासाच मोठा. त्यात प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने चार तास, पुढे बुडापेस्टला अडीच-पावणेतीन. तीन दिवसांत जेवढा उजेड वाट्याला येतो, त्याचा मोठा हिस्सा डब्याच्या खिडकीत जातो. शिवाय पहाटेच्या विमानासाठी रात्री दोनला उठवलेली मुलं पहिला दिवस झोपेत काढतात. माझा भाचा अशाच सहलीहून आला आणि म्हणाला, “मामी, आम्ही सगळीकडे रात्रीच पोचलो.” तो आठ वर्षांचा आहे आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे.

याउलट स्पेनमधल्या मालागाला त्याच दिवसांत ऊन संध्याकाळी सहापर्यंत टिकतं आणि दिवस साडेनऊ तासांहून मोठा असतो. लंडनहून विमानाने तीन तासांच्या आत पोचता येतं. मदीराचं फुंशाल घेतलं तर दिवस दहा तासांचा आणि घड्याळही लंडनचंच. फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला मात्र सूर्य जेमतेम सव्वादोन तास वर असतो. बर्फासाठी जायचं तर जरूर जा, पण हे ठाऊक असू द्या आणि सोबत सासूबाई असतील तर दोनदा विचार करा. धारला त्याच दिवशी पावणेअकरा तास उजेड असतो. ही तुलना करू नये असं ठरवलं तरी माझ्याकडून होतेच, आणि तुमच्याकडूनही होत असणार.

एका जागी राहण्याने काय मिळतं, याला आमच्या माळव्यात मोठे दाखले आहेत. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ साली कोरड्या हवेसाठी देवासला आले. गाणं बंद होतं, तेव्हा बिछान्यावर पडून त्यांनी माळवी लोकगीतं ऐकली आणि पुढे त्यांच्या गाण्याला त्यातूनच नवी वाट मिळाली. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ च्या हिवाळ्यात देवासला येऊन गेले होते. १९२१ मध्ये ते तिथल्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून काही महिने राहिले, आणि त्यांनी पाहिलेली देवासची गोकुळाष्टमी त्यांच्या १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीत उतरली. आपली सहल तीन रात्रींची असते, हे मला कळतं. पण त्या तीन रात्री तरी एका गावाच्या असू द्या.

    

हे सगळं उपदेशासारखं झालं असेल तर क्षमा करा. नोकरी, शाळेच्या सुट्ट्या आणि वाढलेले भाव यांच्या कात्रीत प्रत्येकजण जमेल तसं करतो, आणि कुणाच्या आनंदात खोट काढायची माझी इच्छा नाही. मंडळाच्या सहल समितीकडे एवढंच मागणं आहे: पुढच्या डिसेंबरची सहल ठरवताना प्रत्येक पर्यायासमोर तिकिटाच्या भावाआधी सूर्योदय आणि सूर्यास्ताची वेळ लिहा, आणि मुक्काम एकाच गावी ठेवा. तो तक्ता करून द्यायचं काम मी घेते.