टीव्ही बदलण्याआधी वायर बदला

टीव्ही अचानक काळा पडतो, तीन सेकंदांनी चित्र परत येतं आणि दुरुस्तीला माणूस घरी आला की तासभर काहीच होत नाही. तो कार्ड बदलायला सांगतो, नाहीतर नवा टीव्हीच सुचवतो. हा सल्ला अनेकदा चुकीचा असतो आणि तो ग्राहकाला फार महाग पडतो.

जुन्या टीव्हीवर बिघाड लपत नसे. सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. गच्चीवर कुणीतरी अँटेना फिरवायचं आणि खालून ‘आलं, आलं!’ अशी हाक जायची. डिजिटल चित्र असं हळूहळू बिघडत नाही. सिग्नल कसाबसा पुरत असला तरी ते स्वच्छच दिसतं, आणि किंचित कमी पडला की चौकोन चौकोन होऊन फुटतं किंवा सरळ नाहीसं होतं.

सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही जोडणाऱ्या एचडीएमआय वायरचं उदाहरण घ्या. हे मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला साधारण साडेचार गिगाबिटचा वेग पुरतो. फोर-के चित्राला त्याच गतीने १८ गिगाबिटपर्यंत लागतो. दहा वर्षांपूर्वी भिंतीत चिणलेली लांबलचक वायर जुन्या टीव्हीला पुरत होती, नव्याला पुरत नाही. दोष मात्र नव्या टीव्हीला दिला जातो. खरं तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र फुल एचडीवर आणावं. त्यानंतर काळं पडणं थांबलं, तर पहिला संशय वायरवरच घ्यावा. नवी वायर घेताना प्रमाणित असल्याचं लेबल मागावं, आणि दुकानदारांनीही ते न मागता दाखवायला हवं. नुसतं ‘फोर-के’ छापलेलं वेष्टन हा पुरावा नव्हे.

डिशचं निदान तर आणखी सोपं. मुसळधार पावसात चित्र गेलं आणि सर ओसरताच आलं, तर काही विकत घ्यायची गरज नाही. डिश पकडते त्या केयू बँडच्या लहरी पावसाच्या पाण्यात शोषल्या जातात. पाऊस थांबल्यावरही चित्र येत नसेल, तर डिशच्या वायरीच्या पिनेत पाणी शिरलंय का ते पाहावं. आणि काही ठरावीक चॅनलच जात असतील तर? छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या भागाला, त्याच वायरीतून एका गटाच्या चॅनलसाठी १३ आणि दुसऱ्यासाठी १८ व्होल्ट मिळतात. गंजलेल्या पिनेमुळे व्होल्ट कमी पोचले की एक गट गायब होऊ शकतो. पिन नवी बसवणं हे काही मिनिटांचं काम आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बिघाडाची वेळ लिहून ठेवायची, एवढी शिस्त ग्राहकाने पाळावी आणि सेवा देणाऱ्यांनी ती नोंद मनापासून वाचावी. वेळेकडे लक्ष देण्याचं मोल पाहा: वेल्समधल्या अबरहोसन या छोट्या गावात दीड वर्षं रोज सकाळी सातला इंटरनेट ढेपाळत असे. केबल बदलूनही उपयोग झाला नाही. अखेर अभियंते त्याच वेळी, पावसात, स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर घेऊन गावभर फिरले. ठीक सातला त्यांना विद्युत-गोंगाट पकडता आला. एका घरातला जुना टीव्ही तेव्हा सुरू होत होता. २०२० मध्ये ही हकिकत प्रसिद्ध झाली. कारण कळताच घरमालकाने तो टीव्ही कायमचा बंद केला आणि गावाचं इंटरनेट सुरळीत झालं.