आधी मुद्दा, मग काना-मात्रा!

मी बेंबळीचा. पहिल्या वर्षी होस्टेलवर 'मेसला जायलोय' म्हणालो की पोरं खो-खो हसायची. एकदा कच्च्या पोळ्यांची तक्रार केली, तर पोळ्या राहिल्या बाजूला, माझी भाषाच सुधारली गेली!

जोतीराव फुल्यांचंही असंच झालं. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं. तिकडे व्हर्जिनियाचे धर्मोपदेशक रॉबर्ट डॅबनी मात्र १८६७ सालीही बायबलचा आधार देऊन गुलामगिरीचं समर्थन करत होते. आणि इकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांच्या व्याकरणाची टर उडवली.

शास्त्रीबुवा काही लहान माणूस नव्हेत. सरकारी नोकरी सोडून १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांपैकी ते एक. १८८२ साली, बत्तिशीच्या आतच गेले. त्यांचं मराठी मलाही आवडतं. पण विद्वत्ता कुणाच्या बाजूने उभी राहते, त्यावरच तिची किंमत ठरते, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या खेपेला कुणी 'जायलोय' म्हणाला, तर हसण्याआधी विचारा, 'कुठं?' आणि पोळ्यांचंही बघा जरा!